भरल्या पोटाची मेंढी

मेंढ्या कातरणाऱ्या ग्लेनिस पर्टेलने ताराबूल नावाच्या मेंढीफार्मच्या म्हाताऱ्या मालकाला एकदा त्याच्याच शेडमध्ये, त्याच्याच मेंढ्यांसमोर गप्प बसवलं होतं. हिलस्टनच्या पबमध्ये ही गोष्ट अजून निघते, आणि सांगणारा प्रत्येक जण आपण त्या दिवशी तिथेच होतो असं छातीठोकपणे सांगतो. ते सगळे खरोखर तिथे असते तर मेंढ्यांना उभं राहायला जागा उरली नसती.

झालं होतं एवढंच. कातरायच्या मेंढ्या आदल्या संध्याकाळी चाऱ्यावरून हलवून कोंडायच्या, रात्रभर उपाशी ठेवायच्या, हा या धंद्यातला पहिला नियम. भरल्या पोटाची मेंढी ढुंगणावर बसवली की तिचा जीव घुसमटतो, ती लाथा झाडते, कातर सटकते, कातडी फाटते, एखादी तिथल्या तिथे मरतेसुद्धा. त्या सकाळी म्हाताऱ्याने घाई करून चरणारा कळप थेट शेडमध्ये घुसवला. ग्लेनिसने पहिली मेंढी बाहेर ओढली, पोटाला गुडघा लावला, मशीनची दोरी खेचून मशीन बंद केलं आणि मेंढी परत आत ढकलली.

"ही भरलीय. मी भरली मेंढी कातरत नाही."

"आणि बाकीचे कातरतील त्याचं काय?" म्हातारा गुरगुरला.

बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक करून आपापली दोरी खेचली. शेडमध्ये फक्त मेंढ्यांचं बें-बें उरलं. म्हातारा पाय आपटत निघून गेला.

तेव्हा ती पंचविशीतही नव्हती. त्या काळी शेडकडे बाई येताना दिसली की कोणीतरी "तळ्यात बदकं!" असं ओरडायचं, म्हणजे पुरुषांनी शिव्या आवरायच्या आणि सदरे चढवायचे. ग्लेनिस पहिल्या दिवशी आली तेव्हाही कोणीतरी ओरडलं. ती म्हणाली, "हो, बदकच आलंय. कातर घेऊन आलंय. सरका." मग हळूहळू ती कंत्राटदार वॉल ट्रँटरच्या टोळीत शेवटच्या जागेवरून पहिल्या जागेवर आली. पहिली जागा म्हणजे सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत स्वच्छ कातरणाऱ्याची. ती कोणी देत नाही, मिळवावी लागते, आणि एकदा मिळाली की रोज नव्याने राखावी लागते. वीसेक वर्षं ती ग्लेनिसने राखली, याचं मला कौतुक वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

तर अशा या बाईचं पोट चोपन्नाव्या वर्षी फुगायला लागलं.

सकाळी उठताना सपाट असायचं. पहिल्या दोन तासांच्या पाळीनंतर घट्ट व्हायचं, जेवणानंतर ढोलासारखं. दुपारी वाकायचं म्हणजे कोणीतरी बरगड्यांखाली दगड भरल्यासारखं व्हायचं, आणि कातरणाऱ्याला वाकण्यावाचून दुसरं काम नाही. पँटचं वरचं बटण आधी सुटलं, मग दुसरं सुटलं, मग तिने पट्ट्याऐवजी सुतळी बांधली.

"ग्लेन, जुळं आहे का गं?" शेजारच्या जागेवरचा कोणीतरी चिडवायचा.

"आहे. दोघंही तुझ्यापेक्षा जलद कातरतील," ती म्हणायची. सगळे हसायचे, तीही हसायची, आणि हसून झाल्यावर लोकरीच्या गठ्ठ्यामागे जाऊन दोन्ही हातांनी पोट धरून उभी राहायची.

हे तिच्या मुलीने पाहिलं. ब्रॉनवेन, म्हणजे ब्रॉन, वीस वर्षांची. शेडमध्ये जमिनीवरून लोकर उचलायचं काम करायची आणि आईचं प्रत्येक हालणं-डुलणं डोळ्यांनी टिपायची, कारण तिला कातरायला शिकायचं होतं. तिनेच आईला गाडीत घालून हिलस्टनला डॉक्टर फोन्सेकांकडे नेलं. डॉक्टरबाई मूळच्या श्रीलंकेच्या, पण इतकी वर्षं मेंढरांच्या मुलखात काढलेल्या की त्यांना कातरणाऱ्याची पाठ एक्सरे न काढता ओळखता यायची. त्यांनी ग्लेनिसला ग्रिफिथला पाठवून श्वासाची तपासणी करवली. आदल्या दिवशी फक्त पांढरा भात आणि साधे मासे, मग उपास, मग एक गोड पाणी प्यायचं आणि ठरावीक वेळाने नळीत फुंकायचं.

"तुमच्या लहान आतड्यात जंतू माजलेत," निकाल आल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "ते मोठ्या आतड्यात असायला हवेत. तिथे ते कामाचे. पण इकडे चढून आले की तुम्ही खाल्लेलं तुमच्या आधी तेच खातात आणि वायू करतात."

"म्हणजे माझ्या मेंढवाड्यात दुसऱ्याच्या मेंढ्या शिरल्या," ग्लेनिस म्हणाली.

"अगदी. आता फाटक कुणी उघडं टाकलं ते बघू. पाठदुखीच्या गोळ्या घेता?"

"कोण नाही घेत?"

"आणि त्या गोळ्यांनी पोटात जळजळ होते म्हणून आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या?"

"त्या तर चहाबरोबर बिस्किट घ्यावं तशा. वाकलं की वर येतं ना सगळं."

डॉक्टरांनी मान हलवली. पोटातलं आम्ल हा पहारेकरी असतो, तो वर्षानुवर्षं झोपवून ठेवला तर जंतूंना वर सरकायला सोपं जातं, असं त्यांनी सांगितलं. हेच एकमेव कारण असेल असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, कारण खात्रीने सांगता येत नव्हतं. त्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या हे ठरलं. मग उपचारांचं बोलणं निघालं, आणि ग्लेनिसने टोपी काढून मांडीवर ठेवली. महत्त्वाच्या गोष्टी ती तशीच ऐकायची.

वाटा तीन होत्या. एक, दोन आठवडे जंतूंना मारणाऱ्या गोळ्या. त्या घेत कामावर जाता येईल. बऱ्याच जणांना गुण येतो, सगळ्यांना नाही, आणि आलेला गुण टिकेलच असं नाही. दुसरी, कांदा, लसूण, गहू, डाळी असलं जंतूंचं आवडतं खाणं काही काळ बंद करायचं. त्याने फुगणं उतरतं, पण जंतू हटतातच असं नाही, आणि असं जेवण आयुष्यभर जेवायचं नसतं. तिसरी, दोन आठवडे अन्नाला शिवायचंच नाही. एक पावडर पाण्यात घालून फक्त तीच प्यायची. ती वरच्या वरच शोषली जाते, खाली जंतूंना काही पोचत नाही, ते उपाशी मरतात. ही वाट परिणामकारक आहे, पण ते दोन आठवडे काढणं कठीण. आणि ती चालू असताना मेंढ्या कातरायच्या नाहीत.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "कुठलीही वाट घ्या, दोन जेवणांच्या मध्ये पोट रिकामं राहू द्या. आतडं रिकामं असतं तेव्हाच स्वतःला झाडून काढतं. तुम्ही दिवसातून किती वेळा खाता?"

"पाच," ब्रॉनने आईच्या आधी सांगितलं. "न्याहारी, सकाळचा स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी, जेवण, दुपारचा स्मोको, रात्रीचं. आणि स्मोकोला नुसता चहा नसतो, डॉक्टर. आमचा स्वयंपाकी नेव केक, सँडविच, सॉसेज रोल सगळं मांडतो."

"मग त्यातले दोन सोडा."

ग्लेनिसला सांगायचं होतं की स्मोकोला न खाणं म्हणजे स्वयंपाक्याच्या तोंडावर थुंकणं. टोळीचा स्वयंपाकी लहरी माणूस असतो, त्यात नेव स्टॉन्टन तर लॅकलन नदीच्या काठावरचा सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत लवकर रुसणारा. कोणी ताटात अर्धवट टाकलं तर तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उकडलेलं मटण आणि मौन वाढायचा. पण पांढऱ्या कोटातल्या बाईला हे कसं समजावणार? म्हणून तिने नुसती मान डोलावली.

परतीच्या वाटेवर ब्रॉन म्हणाली, "पावडर घे, आई. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"आणि ताराबूल?"

ताराबूलच्या शेडमधली कातरणी महिन्यावर आली होती, आणि त्या शेडमध्ये ब्रॉनला पहिल्यांदा कातर हातात मिळणार होती. वॉल ट्रँटर शिकाऊ माणूस सहसा घेत नसे. ग्लेनिससाठी घेतलं, पण एका अटीवर: "तू पहिल्या जागेवर, पोरगी दुसऱ्या जागेवर, तुझ्या नजरेखाली. तू नसलीस तर तीही नाही." ग्लेनिस शेडला गेली नसती तर ब्रॉनची संधी एका वर्षाने पुढे गेली असती, आणि पुढच्या वर्षी वॉलने पुन्हा हो म्हटलं असतं की नाही, देव जाणे.

"मी गोळ्या घेते," ग्लेनिस म्हणाली. "काम करत करत होईल."

"तू माझ्यासाठी घेतेयस."

"मी माझ्यासाठी घेतेय. तू कातरताना मला बघायचंय. गाडी चालव."

विचार करून निवडलेली वाट होती आणि चुकीचीही नव्हती. गोळ्यांनी गुण आला. दोन आठवड्यांनी बटण पुन्हा लागलं, सुतळी गाडीच्या डिकीत गेली. पण उरलेलं सगळं तिने केलं नाही. टोळीत परतली आणि नेवने कांद्याच्या जाड रश्श्यात बुडालेलं मटण पुढे ठेवलं तेव्हा तिने ते खाल्लं. स्मोकोला केक खाल्ला, सॉसेज रोल खाल्ला. नेवने भुवई उंचावून आणखी एक पुढे केला, तोही खाल्ला. दुखलं तरी चालेल पण स्वयंपाक्याला नाराज करायचं नाही, हे तिच्या रक्तात होतं. या टोळ्यांतल्या माणसांना मोडलेला हात दाखवायला लाज वाटत नाही, पण "मला हे सोसत नाही" हे वाक्य काही केल्या तोंडातून फुटत नाही.

ताराबूलला पोचेपर्यंत पोट पुन्हा घट्ट झालं होतं. तिने कोणाला सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस ब्रॉन चाचपडली. मेंढी पायांत धरताना तिचे गुडघे भलतीकडे जायचे, मानेवरची लोकर ती घाबरत घाबरत काढायची. ग्लेनिस आपली मेंढी कातरता कातरता ओरडायची, "हात नाही, पाय! मेंढी पायांनी धर!" "कातर दाबू नकोस, तिला चालू दे!" दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रॉनने एक अख्खी लोकर न तोडता काढली, चादरीसारखी एकसंध. ग्लेनिसने फक्त "हं," म्हटलं. ब्रॉन त्या "हं"वर संध्याकाळभर तरंगत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या स्मोकोनंतर कोंडलेल्या मेंढ्या संपत आल्या. म्हातारा मालक वारला होता, आता मुलगा बघायचा. टोळी रिकामी बसायला नको म्हणून त्याने लसूणघासाच्या हिरव्या कुरणातून एक कळप हाकत आणला आणि थेट आत सोडला. बापाची गोष्ट त्याने ऐकलेली नसावी, किंवा ती गोष्ट बाईची आहे असं मानून सोडून दिली असावी.

मशीनं सुरू झाली. ग्लेनिसला त्या पाळीत काही दिसत नव्हतं. बरगड्यांखालचा दगड इतका मोठा झाला होता की ती फक्त कातरीच्या पुढच्या पट्ट्यापुरती जगत होती. एक मेंढी झाली, दुसरी ओढली, ती झाली, तिसरी ओढली. कपाळावरून घाम टपटप लोकरीवर पडत होता. मेंढ्या आज जास्त लाथा मारतायत एवढंच तिला जाणवलं.

शेजारचं मशीन बंद पडलं.

ब्रॉनने दोरी खेचली होती. तिच्या पायांत एक मेंढी होती, आणि तिचा गुडघा मेंढीच्या पोटावर होता.

"काय झालं?" मालक पुढे आला.

"ही भरलीय." ब्रॉन म्हणाली. "मी भरली मेंढी कातरत नाही."

"तू? तीन दिवस झाले नाहीत कातर धरून, आणि माझ्या मेंढ्यांत खोट काढतेस? तुझी आई बघ, मुकाट्याने कातरतेय."

आता सगळ्यांनी ग्लेनिसकडे पाहिलं. एकेक मशीन बंद होत गेलं, शेवटी तिचं तेवढं चालू राहिलं. मग तिनेही दोरी खेचली.

"आई, हात लाव," ब्रॉन म्हणाली.

ग्लेनिसने स्वतःच्या पायांतल्या मेंढीच्या पोटाला हात लावला. तट्ट भरलेलं होतं. आधीच्याही भरलेल्या असणार. तीसेक वर्षांत पहिल्यांदा तिने भरल्या मेंढ्या कातरल्या होत्या आणि तिला कळलंही नव्हतं.

"ही भरलीय," ब्रॉन पुन्हा म्हणाली, आणि मग आईच्या सुटलेल्या बटणांकडे बोट दाखवलं. "आणि तूही. मी भरल्या माणसाशेजारी उभी राहणार नाही. वॉलला काय वाटायचं ते वाटू दे. मला पुढच्या वर्षी नाही मिळाली जागा तरी चालेल."

ग्लेनिस हळूहळू सरळ झाली, एक हात पाठीवर, एक पोटावर. तिला राग यायला हवा होता. पण तिच्या छातीत जे भरून आलं तो अभिमान होता, सरळ सरळ, उघडा. आपण सगळं शिकवलं म्हणून नव्हे, तर आपण विसरलो तिथे ही विसरली नाही म्हणून. डोळ्यांत पाणी आलं ते तिने घामाबरोबर पुसलं.

"पोरगी बरोबर बोलतेय," ती मालकाला म्हणाली. "कळप बाहेर काढ. उद्या सकाळी रिकामा करून आण." मग वॉलकडे वळून म्हणाली, "आणि मलाही बाहेर काढ. मी आजारी आहे. वर्ष झालं. पुढचे दोन आठवडे मी कातरणार नाही."

ते वाक्य तोंडातून निघालं, आणि छप्पर काही कोसळलं नाही.

वॉल ट्रँटरने टोपी मागे सारली. "मी काय म्हणालो होतो? पोरीला तुझी नजर हवी. हातात कातर हवी असं कुठे म्हणालो? गठ्ठ्यावर बस आणि ओरड. तसंही तू कातरण्यापेक्षा ओरडतेसच जास्त."

नेवला सांगणं मात्र सगळ्यांत अवघड गेलं. जेवणाच्या खोलीत तो पातेल्यात डाव फिरवत होता. तिने सगळं सांगितलं, कांदा, लसूण, स्मोको, सगळं. नेवचा डाव थांबला.

"वर्षभर," तो म्हणाला, "तू माझा कांदा खाऊन गठ्ठ्यामागे कण्हत होतीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"अगं म्हातारे, मला वाईट आत्ता वाटतंय! मी काय लोकांना आजारी पाडायला स्वयंपाक करतो? एकदा बोलली असतीस तर कांद्याची नुसती हिरवी पात टाकून रस्सा केला असता. तुझं पातेलं वेगळं लावलं असतं!" त्याने ॲप्रनला नाक पुसलं. "दे ती पावडर इकडे. किती पाणी लागतं?"

डॉक्टर फोन्सेकांनी पावडर मागवून दिली, आणि रोज फोनवर तब्येत विचारायचं ठरवलं. तिची चव ओल्या पुठ्ठ्यावर कोणी व्हॅनिला सांडल्यासारखी होती. नेव ती दर जेवणाला काचेच्या उंच ग्लासात घालून, खाली स्वच्छ रुमाल पसरून, ट्रेमधून आणायचा आणि मोठ्याने पुकारायचा, "बाईसाहेबांचं भाजलेलं मटण!" दुसऱ्या जेवणाला तेच मिश्रण "बाईसाहेबांचा ॲपल पाय!" म्हणून यायचं. टोळी टेबलावर हात बडवायची. ग्लेनिस नाक दाबून ग्लास रिकामा करायची आणि शेवटचा घोट उरला तर नेव डोळे वटारून उभा राहायचा.

त्या दिवसांत ती गठ्ठ्यावर बसून ब्रॉनवर इतकं ओरडली की शेवटी मेंढ्याही तिचा आवाज ओळखायला लागल्या असं लोक म्हणतात. पहिल्यांदा तिला स्वतःच्या कामाबाहेर बसून मुलीचं काम पाहायला मिळालं. ब्रॉनचा डावा हात तिच्या आजोबांसारखा चालायचा, कातरीच्या जरा पुढे, कातडी ताणत. हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं, कारण ती नेहमी खाली वाकलेली असायची. आणि पोट उतरत चाललं होतं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी तिला थोडं थोडं खायला परवानगी दिली. "कदाचित हा त्रास पुन्हा येईल," त्या फोनवर म्हणाल्या. "आला तर घाबरायचं नाही, पुन्हा बघू. पण दोन जेवणांत अंतर ठेवायचं."

"ते आता मला इथे एक जणी रोज सांगतेय," ग्लेनिस म्हणाली.

ताराबूलचा शेवटचा दिवस होता. नेवने तिच्यासाठी वेगळ्या पातेलीत भात, गाजर आणि मटण केलं होतं, आणि स्मोकोला तिच्यापुढे नुसता काळा चहा ठेवला होता. तिने चहा प्यायला, नवी पँट चढवली, सगळी बटणं लावली आणि पहिल्या जागेकडे निघाली. ती जागा या दोन आठवड्यांत कोणी घेतली नव्हती. वॉलने मशीनवर तिची जुनी टोपी अडकवून ठेवली होती, आणि ती काढायची हिंमत कोणी केली नव्हती.

मेंढवाड्याच्या फाटकात ब्रॉन आडवी उभी होती.

"थांब," ती म्हणाली.

"काय थांब? घंटा होईल आता."

ब्रॉनने गुडघा उचलून आईच्या पोटाला लावला, मेंढीला लावतात तसा, नीट, घाई न करता. मग हाताने चाचपलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. सगळी टोळी हातातली कामं सोडून बघत होती. नेवसुद्धा दारात आला होता. ग्लेनिस टोपी हातात धरून शांत उभी राहिली.

ब्रॉनने मान वर केली आणि शेडभर ऐकू जाईल असं ओरडली, "रिकामी आहे! घ्या हिला आत!"

मग तिने फाटक उघडलं.